मितूच्या पायाचं माप

“मितू झोपली ना? मंग टेप घे. टाचेपासून गुडघ्यापर्यंत किती भरते, सांग.”

मंजुश्रीने फोन घट्ट धरला. तिचा नवरा प्रसेनजित चार महिन्यांपासून परदेशात, युद्धातल्या निर्वासितांच्या दवाखान्यात कृत्रिम पाय बनवत होता. कॉल लागला की ती आधी त्याच्यामागची भिंत बघायची. शाबूत आहे ना!

“आपल्या लेकीच्या पायाचं माप कशाला?”

“इथं तिच्याएवढीच पोरगी हाये. बॉम्बमधी दोन्ही पाय गेले. एक असता तं त्याच्यावरून दुसरा केला असता.”

“तिथल्याच कुणाचं घ्या की.”

“इथल्या पोरी उपाशी हायेत, मंजू. पोटऱ्या काड्यावानी. मले भरलेला पाय पाह्यजे.”

कॉल तुटला.

मितू चटईवर उताणी निजली होती. जागी असती तर तिने पाय धरू दिला नसता. मंजुश्री एम.एस्सी. झालेली. अंधश्रद्धेवरच्या भाषणाला कॉलेजात पहिलं बक्षीस. तरी हात पुढे होईना. निजलेल्या माणसाचं माप घेतात ते तिरडीसाठी, एवढं त्यांच्या धाड गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सासूबाई तरी नको म्हणतील, म्हणून तिने सांगून पाहिलं. पंचफुलाबाईंनी शिलाई मशीन थांबवली. गळ्यातला टेप काढून सुनेच्या हाती दिला.

“भेव तं मलेबी वाटते. घे.”

टाच ते गुडघा. पोटरीचा घेर. घोटा. मितूने झोपेत पाय आखडला, तशी मंजुश्री दचकली. तिने आकडे पाठवले.

मेसेज वाचल्याच्या निळ्या टिका आल्या, पण उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस तेच. ती मितूच्या मागे चपला घेऊन फिरू लागली. काटा, काच, विंचू, सगळं तिला आधी दिसायचं. नवव्या दिवशी मितू अंगणवाडीच्या पायरीवरून पडली. गुडघा रक्ताने भरला. मंजुश्रीने घरी येऊन तो टेप उचलला आणि थेट चुलीपाशी गेली.

फोन वाजला.

भिंत शाबूत होती. दोन दांड्या धरून एक मुलगी उभी होती, खाली मितूच्या पोटऱ्या. तिने एक पाऊल टाकलं.

“टेप जपून ठेव बरं, मंजू,” प्रसेनजित म्हणाला.

“आता कशाला?”

“पोरगी वाढंल, तसे पाय बदला लागतात. दर सहा महिन्यांनी माप लागंल. मितू अठराची होईस्तोर.”