सेनापती का पळाला नाही

"यान उभं होतं, इंजिन सुरू होतं, दार उघडं होतं. मग तो पळाला काऊन नाई?" असं विचारून गौतम खुर्चीत मागे रेलला, मोठा खटला जिंकल्यासारखा.

समोर खाटेवर प्रणाली बसली होती. गौतम पांढुर्ण्याहून सौंसरला तिला पाहायला आला होता. पोहे झाले, चहा झाला, आणि मग मोठ्यांनी उदार होऊन, पोरापोरीले बोलू द्या म्हणत दोघांना आतल्या खोलीत धाडलं. दार पूर्ण लावणं बरं दिसत नाही, म्हणून अर्धं लोटलेलं. उरलेल्या अर्ध्यात पडदा, आणि पडद्याखाली प्रणालीच्या विजयमाला आत्याची पावलं. बोला म्हणे मोकळेपणानं! कूलर घरघरत होता, तेवढाच काय तो आडोसा.

बोलायला काही नव्हतं म्हणून त्यानं सिनेमाचा विषय काढला, आणि नेमका तो अवकाशातला. त्यातल्या सेनापतीनं खालच्या मजल्यांचा हवेचा पुरवठा तोडून हजारो माणसं मारली होती. शेवटी त्याचं ते आभाळात तरंगणारं शहर पेटतं, आणि हा दुष्ट माणूस पळून न जाता तिथंच जळून मरतो. मोबाइलवर जो तो म्हणत होता की ही कथेतली ढळढळीत चूक आहे. गौतमचंही तेच. लिहिणारा झोपला होता, म्हणे.

प्रणालीनं तो सिनेमा दोनदा पाहिला होता आणि लोकांच्या या एका बोलण्यावर तिचा जीव जळायचा. गप्प बसायचं, खाली पाहायचं, असं आत्यानं सकाळपासून बजावलं होतं. पण तिला राहवलं नाही.

"यानाकडे जायचा रस्ता कुठून होता, पाह्यलं का तुम्ही?" ती म्हणाली. "मोठ्या दालनातून. अन् तिथं त्याची माणसं उभी होती. ज्यायनं त्याले लहानाचा मोठा केला, ते सगळे. त्याच्याकडे पाहून राहिले होते. त्यायच्या समोरून कसा जाईन तो?"

"चालत," गौतम म्हणाला. "पाय होते ना त्याले."

प्रणाली खळखळून हसली. मग म्हणाली, तो वाईट होता, त्याला फाशी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण वाईट आहे म्हणून त्याला मूर्ख ठरवू नका. पाय असले म्हणजे जाता येतं असं नसतं. हे बोलता बोलता तिचा आवाज कापला, आणि सिनेमा तिथंच राहून गेला.

गौतम सरळ बसला. पोरगा काही दगड नव्हता. त्यानं पडद्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, "तुमाले हे लग्न नाई करायचं ना?"

मग तिनं सांगून टाकलं. नागपूरच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. साक्षगंध झालं, लग्न ठरलं, की नोकरीचं नाव काढायचं नाही, असं घरात पक्कं झालं होतं. तिला विचारलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी मिळून विचारलं होतं.

हात्तीच्या, एवढंच ना, असं गौतम म्हणाला. त्याचंही मन नव्हतं. मामा चाल म्हणाला म्हणून तो आला होता. "मी नाई म्हणतो. पोराकडून नकार आला तर तुमाले कोणी बोलणार नाई. एक शब्द तर आहे."

प्रणालीचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. हा माणूस त्या घटकेला तिला फार आवडला, आणि तो तर तिला नाकारायला निघाला होता.

दोघं बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले. मुलाकडचे येतानाच साडीची पिशवी घेऊन येतात. पसंती झाली तर ती उघडायची, नाही तर तशीच गुपचूप गाडीत परत जाते. तोवर समोर ठेवलेली असली तरी ती कोणालाच दिसत नाही. आज मात्र कूलरच्या घरघरीतून पोरीचं हसू ऐकू आलं आणि आत्यानं बाहेर जाऊन बातमी दिली की जमलं. पिशवी उघडली होती. मोरपंखी साडी खाटेवर पसरली होती, बाया काठ चाचपून पाहत होत्या. प्रणालीचे बाबा गुणवंता हे गौतमच्या चिंधूमामाच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. असं हसताना तिनं त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. लगे हात साक्षगंधही उरकून टाका, असं कोणीतरी म्हणत होतं.

"काय मग भाचे?" चिंधूमामा म्हणाला. "सांगून दे. जबरदस्ती नाई बाप्पा. हाव म्हण, नाई तर नाई म्हण."

गौतमनं आपल्या आईकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक हातात घेऊन ठेवलं होतं, डोळे पुसायला.

"हाव," तो म्हणाला. "पसंत आहे."

टाळ्या पडल्या. प्रणालीच्या अंगाचा तिळपापड झाला. 'नाई' काऊन नाही म्हणालास, असं त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं. तो मान खाली घालून उभा होता. पण विचारणार तरी काय? उत्तर मघाशी तिनंच त्याला समजावून सांगितलं होतं.

"अन् तू वं बाई?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तुहंही सांग. तुले काई कोणी धरून ठेवलं आहे का?"

कोणीच धरलं नव्हतं. सगळे नुसते तिच्याकडे पाहत होते, अगदी मायेनं.