पाचवा बदाम

बाकावर चार उघडे पत्ते, शेजारी बाबांच्या वाट्याचे दोन. आपले दोन मुलीने कॅटात मिसळून टाकले होते. उरले सेहेचाळीस. समोरच्या सहांत बदाम चार, म्हणजे कॅटात नऊ. उघडायचा एकच पत्ता बाकी. तो बदाम निघाला, तर पाच बदाम होऊन डाव बाबांचा.

सकाळी वॉर्डात हा डाव असाच अर्धवट राहिला होता. स्ट्रेचर आलं आणि बाबांना ऑपरेशनला नेलं. मुलीने तो इथे, ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर, तसाच मांडला होता.

“वाचायची शक्यता पाचात एक, असं डॉक्टर म्हणाले,” आईने पुन्हा विचारलं, “म्हणजे नक्की किती गं?”

“बाबांना हा पत्ता लागायची शक्यता आहे ना, जवळजवळ तेवढी. बघ, वीस वेळा काढून दाखवते. चारेक वेळा बदाम येईल.”

किलवर. इस्पिक. चौकट. पुन्हा किलवर. दर वेळी पत्ता परत कॅटात, दर वेळी नीट पिसून. आठव्या पत्त्याला आईने बोटांवर मोजणं सोडलं. दहाव्याला तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आई, यात विशेष काही नाही. दहाच्या दहा कोरे जाणं शंभरात अकरा वेळा होतंच.”

“होत असेल. मला नको सांगूस.”

“आण इकडे,” दादा म्हणाला. “तुझ्या हाताला यशच नाही. म्हणे शास्त्रज्ञ!”

घरात पत्ते पिसायला दादाला बंदी होती. बाबांनीच घातलेली, त्याची लबाडी पकडल्यापासून. मुलीने कॅट दोन्ही हातांत घट्ट धरला. आईच्या पाठीकडे पाहिलं. मग दिला.

बदाम. आई हलली नाही. बदाम.

“परत आला?” आईने मान वळवली.

तिसराही बदाम. आई सरकत सरकत बाकाच्या मधोमध आली. मध्येच दोनदा दादाने काळा पत्ता येऊ दिला. पिसताना त्याचा अंगठा कॅटाच्या तळाशी क्षणभर अडत होता. मुलीला ते दिसत होतं. दहांत आठ बदाम. सवयीने तिने मनात आकडा मांडला: पंधरा हजारांत एखाद्या वेळी. दादाच्या कपाळावर घाम होता आणि तो मान वर करत नव्हता.

ऑपरेशनच्या दारावरचा दिवा अजून लालच होता.

“सगळे मिळून किती झाले?” आईने विचारलं.

दादाने तोंड उघडलं.

“तू गप रे. तुझं काही खरं नसतं.” आईने मुलीचं मनगट पकडलं. “तू सांग. तुझं मोजणं कधी चुकत नाही.”

मुलीने बाकावरचे सहा पत्ते गोळा केले. कडा जुळवल्या.

“विसात आठ, आई.”