खरा जखमी

"प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटचा सख्खा भाऊ असतो!" प्रथमोपचाराच्या स्पर्धेत परीक्षक गरजले.

सख्ख्या भावांत होतं तेच झालं. आधी पाळी कुणाची, यावरून जुंपली. "वाघ कसले रे, मांजरं तुम्ही!" गरुड संघाचा साबळे म्हणाला आणि वाघ संघाच्या बोऱ्हाडेने काठीने त्याचं डोकं फोडलं. सदरा रक्ताने भिजला.

मग बोऱ्हाडेनेच गुडघे टेकून त्या डोक्याला झकास पट्टी बांधली. रक्त थांबलं.

"खरा जखमी, खरा उपचार! पैकीच्या पैकी!" परीक्षक हरखले. "ढाल बहुधा वाघांचीच."

ढालीसाठी महिनाभर घरादाराला पट्ट्या बांधत आलेला साबळे धडपडत उठला. बोऱ्हाडेला अगदी खेटून उभं राहत त्याने परीक्षकांना तीन बोटांचा कडक सॅल्यूट ठोकला.

"सर, आमच्या संघाची पाळी राहिलीय. दोन मिनिटं तिकडे बघता का?"