दोनशे ग्रॅम

"दोनशे ग्रॅम जास्त भरतंय. हिचे केस कापा," म्हणत वस्तादांनी कात्री माझ्यापुढं धरली.

माझी तनुजा कुस्तीच्या वजनकाट्यावर उभी होती. पन्नास किलोच्या गटात बसायचं म्हणून दोन दिवस उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

मी तिच्या वेणीला हात लावला, तर केसांचा पुंजकाच हातात आला. तो मी वस्तादांच्या हातावर ठेवला.

"कात्री कशाला? आपोआप गळतायत. सहा महिने पाळी नाही, तर म्हणालात, बरं झालं, सरावाला खाडा नाही! लाज वाटत नाही? पोरगी वरच्या गटात खेळंल, नाहीतर खेळणारच नाही."

तिला काट्यावरून उतरवलं, पिशवीतली भाकरी मोडून हातात दिली.

घास तोंडापाशी नेत तिनं विचारलं, "खाऊ?"

मला नव्हे, वस्तादांना.