वार्निश मारलेली स्टिक

गुणवंतरावाने स्टिकला वार्निश मारून आणलं होतं. वर तिरंगी रिबीनही बांधली होती. ब्रह्मपुरीहून इथपर्यंत ती मांडीवर घेऊनच बसलो, असं तो मंचावर ज्याला त्याला सांगत होता आणि मंचावरचे माना डोलवत होते. त्यांचं काय जातंय!

मंच घातला होता अहेरीपासून चाळीस किलोमीटर आत, रंजीताच्या गावच्या मैदानावर. रंजीता तलांडी. भारताकडून अकरा वर्षं हॉकी खेळली, दोन वर्षं कर्णधार होती, मागच्या महिन्यात निवृत्त झाली. पेनल्टी कॉर्नरला समोरून दगडासारखा चेंडू येतो, तेव्हा गोलातून सगळ्यात आधी त्याच्यावर धावून जायचं काम तिचं. एकदा दात गेला, दोनदा बोटं मोडली, पण तिने कधी तोंड फिरवलं नाही. निवेदकाने ही सगळी कारकीर्द कागदावरून वाचली, तीही किराणा सामानाची यादी वाचावी तशी. या अकरा वर्षांत तिच्या गावात एकही साहेब फिरकला नव्हता. आज मैदानाच्या कडेला चौदा गाड्या उभ्या होत्या.

मंचाच्या बाजूला कापडाखाली एक पाटी झाकलेली होती. वर रंजीताचं नाव आणि खाली, 'प्रथम गुरू : श्री. गुणवंतराव'. ती उघडायची तेवढी राहिली होती. रंजीताला हे सकाळी कळलं. तिने आयोजकांना सांगितलं, माझी पहिली स्टिक माझ्या बापाने केली, नाव लिहायचं तर त्याचं लिहा. आयोजक म्हणाले, मॅडम, पाटी रंगवून झाली आता. शिवाय स्टिक गुणवंतराव सरांकडे आहे, तुमच्या वडिलांकडे पुरावा काय?

पुरावा म्हणे! तिच्या बापाने, झिंगूने, जंगलात हिंडून मुळाशी वाकलेला बांबू शोधला होता. कोयत्याने तासून त्याची एक बाजू सपाट केली होती, कारण हॉकी एकाच बाजूने खेळतात, हे नऊ वर्षांच्या पोरीने शाळेतून येऊन त्याला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी जंगल गार्ड आला. हाच गुणवंतराव. ओला बांबू तोडला म्हणून त्याने झिंगूला वनखात्याच्या नाक्यावर नेलं आणि स्टिक जप्त केली. जप्तीचा कागद काही केला नाही. पुढे कितीतरी वर्षं ती त्याच्या घरी दाराआड, कुत्री हाकलायला. मग पोरीचा फोटो पेपरात आला आणि दाराआडची काठी दिवाणखान्यात गेली. माणसाने हलकं असावं, पण किती?

झिंगू दोन दिवसांनी नाक्यावरून परत आला तेव्हा त्याचा डावा हात कोपरात वाकडा झाला होता. येताना नाल्याच्या दरडीवरून पडलो, असं त्याने घरी सांगितलं. घरच्यांनी ते खरं धरलं. मग त्याने दुसरी स्टिक केली, उरलेल्या एका हाताने.

आज रंजीताने त्याला मंचावर चल म्हणून परोपरीने विनवलं. 'मी इथीच बरा,' तो म्हणाला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला.

गुणवंतराव बोलायला उठला. पोरगी रानात शेळ्यांमागं हिंडत होती, त्यानेच तिच्यातली चमक हेरली, त्यानेच तिला घडवलं, असं बरंच काही. लाज नावाची वस्तू त्याने नोकरीतच कुठेतरी जमा करून टाकली असावी.

"म्या हिच्या हाती पह्यली स्टिक देली," तो म्हणाला, "म्हून आज हे इथी उभी हाये."

रंजीताने त्याच्या हातून माइक घेतला. सकाळपासून तिच्या मनात एकच होतं. या माणसाला स्टिक कुठून धरतात एवढंही माहीत नाही, ते एकदा सगळ्यांना दिसू दे. चारचौघांत हसं झालं, की पाटीवरचं कापड ओढायची कोणाची छाती होणार नाही.

"सायेब," ती गोड बोलली, "मले शिकवलं तसं एकदा धरून दाखवा ना."

गुणवंतराव खुशीत मंचाच्या कडेला आला. वाकला नाही, स्टिक खाली टेकवली नाही. दोन्ही मुठी दांड्याच्या टोकाला आवळल्या, वाकडं बुड वर केलं आणि खांद्यामागे नेलं. हात आपसूक तिथे गेले. खाली लोकांत मागे बसलेल्या गावच्या पोरी खिदळल्या. रंजीताही हसली.

मग तिची नजर खाली गेली.

पहिल्या रांगेत झिंगूचा वाकडा हात वर उठला होता. कोपर डोक्यावर, मान खांद्यांत, डोळे घट्ट मिटलेले. शेजारी बसलेल्या सोमारीने, त्याच्या बायकोने, त्याच्याकडे पाहिलं, मग मंचावर पाहिलं. पोरींचं खिदळणं बंद झालं.

माइक अजून रंजीताच्या हातात होता. तिने गोंडीत विचारलं,

"बाबा, तू नाल्यात पडला नव्हतास ना?"

झिंगूने हात खाली घेतला नाही. सगळं गाव ऐकत होतं. मंचावर मात्र रंजीता सोडली तर गोंडी कोणालाच येत नव्हती. गुणवंतरावाची अख्खी नोकरी याच जंगलात गेली, पण त्याला ती कोंबडा मागण्यापुरतीच येई. लेक बापाशी काहीतरी मायेचं बोलली असं समजून मंचावरच्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

गुणवंतरावानेही स्टिक काखेत मारली आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.