नळाची जागा

"विमलताई, आवाज वाढवा की!" मागून कुणीतरी ओरडलं. टेकडीवरची अख्खी वस्ती नगरसेविका विमल खंदारेच्या ओट्यापुढे दाटली होती. तिच्या मोबाइलवर विधानसभा चालू होती.

वस्तीतली घरं गुंठेवारीची, कायद्याने अनधिकृत. त्यामुळे तिथे नळ टाकायला नगरपालिकेला निधीच मिळत नव्हता. विमलने ठराव आणला की मुख्याधिकारी म्हणायचे, "राज्याचा कायदा बदलल्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत." लोकांना वाटायचं, विमलच थापा मारते. शेजारच्या नसीमबीने तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"होयचे बहुमत," मोबाइलवर अध्यक्षांचा आवाज आला. "विधेयक संमत झाले आहे."

"म्हणजे काय झालं गं?" एका म्हातारीने विचारलं.

"आपली घरं कायदेशीर होणार, आजी! आता नळ येणार, रस्ता येणार!" विमल किंचाळलीच.

एकच गलका उठला. कुणी थाळी बडवायला लागलं, कुणी विमलला उचलूनच घेतलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

नसीमबी मात्र तडक घरी निघाली. विमल तिच्यामागे धावली आणि पाहते तर काय, सत्तरीची नसीमबी दारासमोर पहारीने खड्डा खणत होती.

"अहो चाची, पाइप यायला अजून वर्ष जाईल!"

"जाऊ दे. पण माझा नळ इथंच पाहिजे," नसीमबी धापा टाकत म्हणाली. "आणि पहिला हंडा तू भरायचास, विमल."