भिकनची ओळ

फाइल डाउनलोड झाली, उघडली, आणि मेघा मॅडमचा हात माउसवरच राहिला. यादीत भिकन सुपडू कोळी होता. नुसतं नाव असतं तर गोष्ट वेगळी; नावापुढे गुण होते, आणि शेवटचे गुण मागच्या रविवारचे होते.

भिकन जानेवारीतच गेला होता. मित्राला भुसावळला सोडून परतताना नशिराबादजवळ त्याची मोटारसायकल ट्रकखाली आली. कॉलेजात शोकसभा झाली. दोन शब्द बोलायचे म्हणून मॅडमनी माइक घेतला होता, पण त्यांना एकही शब्द सुचला नव्हता.

मे महिन्याची दुपार होती. पिंप्राळ्यातल्या मॅडमच्या कॉलनीत बाहेर चिटपाखरू नव्हतं. घरात कूलर खडखडत होता. सांख्यिकीच्या वर्षभराच्या ऑनलाइन कोर्सचे गुण आज विद्यापीठाला पाठवायचे होते. वेबसाइटवरून गुणतक्ता एक्सपोर्ट करायचा, एक्सेलमध्ये नीटनेटका करायचा, की झालं. झोपेतसुद्धा जमेल असं हे काम, असं मॅडम घरी नेहमी सांगायच्या. आज मात्र त्यांची झोप पार उडाली.

त्यांनी ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचली. दर रविवारी एक टेस्ट, दहा गुणांची. सुरुवातीला आठ, नऊ, परत नऊ. पोरगा हुशारच होता. मग जानेवारीतल्या दोन रिकाम्या चौकटी. त्यानंतर शून्य. शून्य. एक. पुन्हा शून्य. डोळे मिटून पर्यायांवर टिचक्या मारल्या तरी याहून जास्त मिळतात. मग दोन, तीन. होळीनंतर पाच, सहा. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला आठ. आणि मागच्या रविवारी दहापैकी दहा.

मेलेला मुलगा सगळं विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकू लागला, असं त्यांच्या मनात आलं. भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. त्यांनी उगाचच उठून खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर नुसतं ऊन होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख गिरधर सरांचा फोन आला. "मॅडम, फाइल कुठे अडली?"

मॅडमनी अडखळत सांगितलं.

"कोळी? अहो, त्याचं नाव अजून आहे? वडील दाखला न्यायलाच आले नाहीत, म्हणून ऑफिसनं काढलं नसेल. ती ओळ डिलीट करा, आणि त्याला कोर्समधूनच काढून टाका. मेलेला मुलगा पास झाला तर तुमची-माझी नोकरी राहील का?"

सर बोलत होते ते बरोबरच होतं. मॅडमनी ओळ निवडली, बोट डिलीटच्या बटणावर नेलं. आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. भुतं टेस्ट देत नसतात. भिकनचा फोन घरी आहे, आणि घरातलं कुणीतरी त्यावर शिकतंय. शून्यापासून दहापर्यंत, कुणी न शिकवता! त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच भरूनही आलं. त्या पोरीला, पोरगीच असणार, रीतसर प्रवेश मिळवून द्यायचा असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. कोर्समध्ये भिकनचा नंबर होता. तो त्यांनी लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"मॅडम! मी रोशनी, भिकनभाऊची बहीण. त्याची एखादी टेस्ट राहिली का?"

"नाही गं. घाबरू नकोस, मी रागवायला फोन केलेला नाही. टेस्ट तूच देतेस ना?"

"मी? मले कुठे येतं मॅडम, मी दहावी नापास." ती लाजून हसली. "तुम्ही दर रविवारी मेसेज करता ना, 'भिकन, तुमची टेस्ट बाकी आहे, आम्ही वाट पाहत आहोत.' माय म्हणे, मॅडम इतक्या वाट पाहतात, तर त्याले सांगायले पाहिजे."

तो मेसेज मशीन पाठवत होतं. मॅडमनी तो वर्षाच्या सुरुवातीला एकदा लिहून ठेवला होता आणि नंतर विसरूनही गेल्या होत्या.

"सांगायला म्हणजे? कुणाला?"

"भाऊले. आम्ही फोन घेऊन नदीवर जातो, त्याले जिथे जाळलं तिथे. तिथे रेंज बी चांगली येते. मी प्रश्न वाचते, खालची चारी उत्तरं वाचते. इंग्रजी आहे, मले काही समजत नाही, पण मोठ्यानं वाचते. माय वाळूले कान लावून बसते. ती सांगेल ते बटण मी दाबते."

मॅडमच्या समोर पडद्यावर ती ओळ निवडलेलीच होती.

"अखजीले त्याच्या नावानं घागर बी नाही भरू दिली मायनं," रोशनी सांगत राहिली. "म्हणे, घागर गेलेल्या माणसाची भरतात."

"रोशनी," मॅडम कशाबशा म्हणाल्या, "त्याचं नाव काढावं लागणार आहे. आजच. मग मेसेज यायचे नाहीत."

पलीकडे कुजबुज झाली, आणि फोन दुसऱ्या हातात गेला. आवाज दमलेला होता, पण रडवेला नव्हता. एखादं काम आता कुठे मार्गी लागलंय, अशा माणसाचा तो आवाज होता.

"मॅडम, मी तानुबाई, भिकननी माय. त्यानं नाव नका कापू. पहिले त्याले आमनं काहीच आयकू येत नव्हतं. आते कोठे त्याले आयकू येवाले लागनं."